शिफ्ट संपली की लॉगिन बंद? तसं होत नाही

क्लायंटचं ऑडिट झालं की कॉल सेंटरच्या अहवालात एक मुद्दा हमखास येतो: एजंटचं लॉगिन त्याच्या शिफ्टपुरतंच चालू ठेवा. क्लायंट खूश होतो, मॅनेजर मान डोलावतो, आयटीवाला म्हणतो, ‘संध्याकाळपर्यंत करून टाकतो.’ आणि पहिल्याच आठवड्यात फ्लोअरवर बोंब सुरू होते.

बोंबेचं मूळ एका समजुतीत आहे. वेळ भरली की यंत्रणा माणसाला बाहेर काढते, असं सगळे धरून चालतात. विंडोजच्या अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरीत प्रत्येक खात्याला लॉगऑन अवर्स लावता येतात. आठवड्याचे १६८ तास, तासाला एक बिट, मिळून २१ बाइटची नोंद. पण ही नोंद तपासली जाते ती आत शिरताना. आधीच आत बसलेल्याला कुणी उठवत नाही. ‘लॉगऑन अवर्स संपल्यावर सक्तीने लॉगऑफ’ अशा अर्थाची एक पॉलिसी आहे खरी, पण तिच्या नावावर जाऊ नका. ती फाइल सर्व्हरशी असलेली जोडणी तोडते, समोरचा डेस्कटॉप उघडाच राहतो. ग्राहकांच्या नोंदी ठेवणाऱ्या सेल्सफोर्स या सीआरएमची तऱ्हा वेगळी. तिथे वेळ संपल्यावर उघडं असलेलं पान दिसत राहतं, मात्र पुढची कृती करता येत नाही. एजंट ग्राहकाचा पत्ता बदलत असेल तर पत्ता टाइप होईल, ‘सेव्ह’ होणार नाही, आणि ग्राहक लाइनवरच असेल. कॉल जोडून देणारा डायलर, सीआरएम, व्हीपीएन, ईमेल या प्रत्येकाचं दार निराळं. एकाला कडी घातली म्हणून बाकीची आपोआप बंद होत नाहीत.

दुसरा गैरसमज घड्याळाचा, आणि पुण्या-मुंबईच्या फ्लोअरवर खरी गंमत इथेच आहे. ‘अमेरिकी ग्राहकांसाठीची शिफ्ट साडेसहाची, मग साडेसहा ते साडेतीन टाका की,’ असं कुणीही म्हणेल. न्यूयॉर्कचे सकाळचे ९ म्हणजे आपले संध्याकाळचे ६.३०, पण फक्त तिकडच्या उन्हाळी वेळेत. हिवाळ्यात तेच ७.३० होतात. अमेरिकेत घड्याळ मार्चच्या दुसऱ्या रविवारी पुढे जातं, ब्रिटनमध्ये मार्चच्या शेवटच्या रविवारी. एकाच मजल्यावर अमेरिकी आणि ब्रिटिश अशा दोन्ही प्रोसेस असतील तर मधले दोन-तीन आठवडे एकीची शिफ्ट सरकलेली असते आणि दुसरीची नाही. कॅबवाल्यांना हे पाठ असतं. पिकअपची वेळ बदलल्याचा मेसेज वेळेवर येतो, लॉगिनच्या वेळा बदलायचं मात्र राहून जातं.

त्यात अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरी ही वेळ जागतिक प्रमाणवेळेत आणि पूर्ण तासांत साठवते. आपण साडेपाच तास पुढे, म्हणून तिथल्या तासाची सीमा आपल्या घड्याळात अर्ध्यावर पडते. ६.३०ची शिफ्ट त्यात नेमकी बसते, ७ची बसत नाही. ती अर्धा तास आधी उघडावी लागते, नाही तर अर्धा तास उशिरा उघडते.

रात्रपाळीचा घोटाळा तर नव्या माणसाकडून व्हायचाच. शनिवार वीक ऑफ, म्हणून तो शनिवारचा अख्खा रकाना बंद करतो. पण शुक्रवारची शिफ्ट शनिवारी पहाटे साडेतीनला संपते! बाराच्या आत लॉगिन केलेल्यांचं निभावतं. ज्याचं मशीन साडेबाराला हँग होऊन रीस्टार्ट झालं, तो उरलेली शिफ्ट नुसता बसून.

आता सुरक्षेचं बघू, कारण सगळा खटाटोप त्यासाठी. डेटाची चोरी अवेळी, कुणी नसताना होते, हा समज फार पक्का आहे. २००५ साली पुण्यातल्या एका कॉल सेंटरशी संबंधित लोकांनी सिटीबँकेच्या अमेरिकी ग्राहकांच्या खात्यांतून सुमारे साडेतीन लाख डॉलर पळवल्याचं प्रकरण देशभर गाजलं. पिन मिळाले होते ग्राहकांशी गोड बोलून, म्हणजे रोजचं काम करता करताच. शिफ्टचं बंधन तिथे काय करणार होतं? त्याचा उपयोग निराळा आहे. चोरलेला पासवर्ड कुणी दुपारी वापरून पाहिला, आणि त्या पासवर्डचा मालक रात्रपाळीचा असेल, तर तो प्रयत्न अडतो आणि नोंदला जातो. माहिती सुरक्षेच्या आयएसओ २७००२ या मानकाच्या २०१३च्या आवृत्तीतही जोडणीची वेळ मर्यादित करण्याची सूचना आहे, पण ती जास्त जोखमीच्या प्रणालींसाठी. सरसकट सगळ्यांना लावा, असं ते मानक सांगत नाही. नोकरी सोडून गेलेल्याच्या खात्यावर तर हा उपायच नव्हे. कार्ड व्यवहारांसाठीच्या पीसीआय डीएसएस नियमांनुसार गेलेल्या माणसाचा प्रवेश ताबडतोब काढून घ्यायचा असतो. त्याच्या जुन्या शिफ्टचे तास सांभाळत बसायचं नसतं.

आणि या कुलपामुळे नवीच भानगड उभी राहते, ती ऑडिटच्या कागदावर दिसत नाही. दोघी मैत्रिणी शिफ्ट बदलून घेतात, टीएल (टीम लीडर) व्हॉट्सअ‍ॅपवर अंगठा दाखवतो, रोस्टरमध्ये कुणीच बदल करत नाही. संध्याकाळी स्क्रीनवर संदेश येतो की वेळेच्या बंधनामुळे तुम्हाला आत्ता साइन इन करता येणार नाही. समोरच्या बोर्डावर थांबलेल्या कॉलचा आकडा लाल झालेला असतो. टीएल म्हणतो, ‘बस गं माझ्या आयडीवर, आत्तापुरतं.’ तिथून पुढे प्रत्येक नोंद टीएलच्या नावावर, टीएलच्या जादा अधिकारांसकट. उद्या तक्रार आली तर शोधायचं कुणाला?

एचआरची समजूत आणखी वेगळी: शिफ्टबाहेर लॉगिनच नाही, मग ओव्हरटाइमचा प्रश्न मिटला. लॉगिनचा वेळ म्हणजेच कामाचा वेळ, हे गृहीतक अमेरिकेत कोर्टात टिकलेलं नाही. तिथल्या कामगार खात्याने २००८ सालीच कॉल सेंटरसाठी पत्रक काढून संगणक सुरू करण्याचा वेळ कामातच धरला. २०२१ आणि २०२२मध्ये दोन फेडरल अपील न्यायालयांनी कॉल सेंटरच्याच खटल्यांत तेच म्हटलं. त्या तर्काने कुलूप साडेसहाच्या ठोक्याला उघडलं आणि सगळी सॉफ्टवेअर वर यायला दहा मिनिटं गेली, तर ती दहा मिनिटं कंपनीची, एजंटच्या अ‍ॅडहिअरन्समधून (वेळापत्रक पाळल्याच्या गुणांतून) कापायची नाहीत. शिफ्टच्या दुसऱ्या टोकालाही तेच. शेवटचा कॉल लांबला तर ते कामच. महाराष्ट्राच्या २०१७च्या दुकाने व आस्थापना कायद्यात जादा कामाचा मोबदला दुप्पट दराने आहे, आणि लॉगमध्ये नोंद नाही म्हणून केलेलं काम नाहीसं होत नाही.

(कामगाराच्या बाजूनेही असं कुलूप लावलेलं आहे, हे इथे क्वचितच कुणाला माहीत असतं. जर्मनीत फोक्सवॅगनने २०११मध्ये कर्मचारी प्रतिनिधींशी करार करून शिफ्ट संपल्यावर अर्ध्या तासाने काही कर्मचाऱ्यांच्या कंपनी फोनवर ईमेल पाठवणं बंद केलं. पुढच्या शिफ्टच्या अर्धा तास आधी ते पुन्हा सुरू व्हायचं. हेतू घरच्या वेळेत साहेबाचा ईमेल न येण्याचा.)

मग लावावं की नाही? लावावं, पण वेळा आयटीने हाताने भरू नयेत. त्या थेट रोस्टरच्या प्रणालीतून याव्यात, म्हणजे स्वॅप मंजूर झाला की लॉगिनही त्याच क्षणी बदलेल. दोन्ही टोकांना किमान अर्ध्या तासाची सवलत असावी. शिफ्ट संपताना सेशन तोडण्याऐवजी डायलरने शेवटची काही मिनिटं नवा कॉल देऊ नये. इतकं जमलं तर ओरड बरीच कमी होते. उरतो तातडीने लॉगिन उघडून देण्याचा अधिकार, दोन तासांत आपोआप संपणारा, देणाऱ्याच्या नावासह नोंदला जाणारा. बहुतेक ठिकाणी तो जनरल शिफ्टच्या आयटीकडे असतो. हे लोक संध्याकाळी सातला घरी जातात, आणि गरज पडते पहाटे दोनला. तो रात्रपाळीच्या टीएलकडे हवा.