एक ना धड, भाराभर चिंध्या

गेल्या महिन्यात मी ग्रंथालयात चार पुस्तकांची चिठ्ठी दिली. एक अर्थशास्त्राचे, एक संख्याशास्त्राचे, एक जुन्या नाण्यांवरचे आणि एक वनस्पतींवरचे. काउंटरवरचे काका हसून म्हणाले, "ताई, एक ना धड, भाराभर चिंध्या!" शेजारच्या मुली हसल्या. मीही हसले, पण शब्द मनाला लागला. कारण अर्थशास्त्राच्या चाचणीत मला पन्नासपैकी सोळा गुण पडले होते, हे त्यांना ठाऊक नसले तरी मला ठाऊक होते.

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. पुढच्या वर्षी विशेष विषय घ्यायचा आहे. दादा (माझे वडील) म्हणतात, "एकच धर, पण घट्ट धर." त्यांचे चुकते असे मी म्हणणार नाही. ज्या घरात फीसाठी शेळी विकावी लागते, तेथे कुतूहल ही चैनच वाटणार. मग खरे काय? एका विषयात खोल उतरावे, की चार विहिरींचे पाणी चाखावे?

याचे उत्तर शोधताना मला दामोदर धर्मानंद कोसंबी भेटले. त्यांचा जन्म १९०७ साली गोव्यात झाला, मृत्यू १९६६ साली पुण्यात. पेशाने ते गणिताचे प्राध्यापक. पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात त्यांनी अनेक वर्षे गणित शिकवले. पुढे ते मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत गेले. पण आपण कलाशाखेचे विद्यार्थी त्यांना ओळखतो ते इतिहासकार म्हणून! हे कसे घडले?

संख्याशास्त्र स्वतःचे स्वतः शिकताना त्यांनी सरावासाठी आहत नाण्यांचा प्रश्न घेतला. चांदीच्या या प्राचीन नाण्यांवर ना राजाचे नाव, ना साल. नुसत्या ठशांच्या खुणा. मग त्यांतले जुने कोणते, नवे कोणते? नाणे हातोहात फिरले की झिजते आणि त्याचे वजन घटते. पण टांकसाळीतून निघतानाही सगळी नाणी अगदी सारख्या वजनाची नसतात. म्हणून एकट्या नाण्यावरून काहीच सांगता येत नाही. एकाच ठेव्यातील, सारख्या खुणांची पुष्कळ नाणी तोलून सरासरी काढली, तर मात्र झीज बोलू लागते. कोसंबींनी तक्षशिलेच्या ठेव्यातील नाणी अशी तोलली. मागच्या बाजूच्या छोट्या खुणा जसजशा वाढतात तसतसे सरासरी वजन उतरते, हे त्यांना आढळले. झिजेची ही कल्पना त्यांनी आपल्या काळच्या चलनी नाण्यांवरही पडताळून पाहिली.

पुढे प्रश्नातून प्रश्न निघाला. ही नाणी पाडली कोणी? ते कळण्यासाठी जुने ग्रंथ हवेत, ग्रंथांसाठी संस्कृत हवे. त्यातून १९४८ साली त्यांची भर्तृहरीच्या सुभाषितांची चिकित्सक आवृत्ती आली आणि १९५६ साली भारतीय इतिहासावरचा प्रसिद्ध ग्रंथ. मधे १९४४ साली आनुवंशिकीत त्यांनी मांडलेले एक सूत्र आजही त्यांच्या नावाने ओळखले जाते.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. त्यांनी गणित सोडून नाणी धरली नाहीत. गणित हातात होते म्हणूनच नाणी त्यांच्याशी बोलली. आणि हेही सांगितले पाहिजे, की त्यांचा प्रत्येक प्रयत्न फळला असे नाही. १९५९ साली गणितातील रीमान यांचा अवघड प्रश्न संभाव्यतेच्या मार्गाने सुटल्याचा दावा त्यांनी केला. तो गणितज्ञांनी मान्य केला नाही. एका क्षेत्रातले हत्यार दुसरीकडे नेले, की तेथील कसोटीही मानावीच लागते. शिवाय त्यांचे वडील धर्मानंद हे पाली भाषेचे नामवंत विद्वान, आणि शिक्षण हार्वर्डचे. माझ्यापाशी ते काहीच नाही, हे मी विसरत नाही.

दिवाळीच्या सुटीत हे सारे मी आईला माझ्या परीने सांगितले. ती गोधडी शिवत बसली होती. मान वर न करता म्हणाली, "अगं, चिंध्या वाया जात नसत्यात. पण खाली एक लुगडं धड लागतं, न्हाईतर टाके कशात घालायचे?"

मी तिच्या हाताकडे पाहत राहिले. जुनेर अंथरलेले, त्यावर चोळीचे, सदऱ्याचे, परकराचे तुकडे, आणि सगळ्यांतून जाणारा एकच धावदोरा. म्हणीतला दोष चिंध्यांचा नाहीच. 'एक ना धड' हा आहे. ज्याच्यापाशी एक विषय धड आहे, त्याच्या चिंध्यांची ऊब होते. ज्याच्यापाशी तो नाही, त्याचे नुसते गाठोडे. उलट नुसते लुगडे अंथरून थंडी भागत नाही, हेही तितकेच खरे.

मी अर्थशास्त्रच घेणार आहे. दादांना तसे सांगितले. सोळा गुणांची चाचणी पुन्हा सोडवून सरांना दाखवली. आणि ग्रंथालयात काल दोनच पुस्तके मागितली: एक अर्थशास्त्राचे, दुसरे नाण्यांचे. काकांनी चष्म्यावरून पाहिले. या वेळी मात्र काही बोलले नाहीत.

— द्वितीय वर्ष, कला