आधी तोल, मग पॅडल

उभ्या सायकलचा स्टँड काढून हात सोडला की ती लगेच आडवी होते. तीच सायकल चालू लागली की मात्र पडत नाही. असे का व्हावे?

‘फिरती चाके भोवऱ्यासारखी असतात, म्हणून,’ असे उत्तर पुष्कळजण देतात. त्यात थोडे तथ्य आहे, पण ते पुरेसे नाही. डेव्हिड जोन्स या ब्रिटिश रसायनशास्त्रज्ञाने सायकलच्या पुढच्या चाकाशेजारी, जमिनीला न टेकणारे एक जादा चाक बसवले आणि ते उलट दिशेने फिरवले. भोवऱ्याचा परिणाम असा नाहीसा केल्यावरही त्याला ती सायकल चालवता आली! १९७० साली त्याने ही हकिगत प्रसिद्ध केली.

मग तोल सावरतो कसा? एक लांब वेताची काठी तळहातावर उभी धरून पाहा. काठी उजवीकडे कलली की तुम्ही हात उजवीकडेच नेता. आधार पुन्हा काठीच्या गुरुत्वमध्याखाली येतो आणि काठी सावरते. सायकलवर नेमके हेच घडते. सायकल उजवीकडे कलली की स्वार हँडल किंचित उजवीकडे वळवतो. चाके त्या बाजूला सरकून त्याच्या गुरुत्वमध्याखाली येतात. म्हणजे ज्या बाजूला पडायचे भय, त्याच बाजूला वळायचे!

यासाठी सायकलला वेग हवा. वळण तेच असेल तर वेग दुप्पट होताच हा सावरणारा परिणाम चौपट होतो. म्हणूनच शाळेच्या ‘सावकाश सायकल’ शर्यतीत सर्वांची त्रेधा उडते. खात्री करायची असेल तर फरशीवर थोडे पाणी ओता आणि त्यातून सायकल सरळ न्या. मागे उमटलेल्या दोन्ही रेघा नागमोडी दिसतील. पुढच्या चाकाची अधिकच. सायकल हळू नेली तर नागमोड वाढेल. मात्र सोलापूरच्या उन्हाळ्यात हा प्रयोग करणार असाल तर रेघा चटकन पाहून घ्या, त्या वाळायला वेळ लागत नाही.

आता घरातल्या लहान भावंडाचा विचार करा. त्याच्या सायकलला बहुधा मागे दोन छोटी आधाराची चाके असतात. त्यांच्यामुळे सायकल कलतच नाही. मूल पॅडल मारायला शिकते, पण कललेली सायकल सावरायला शिकत नाही. मग एके दिवशी ती चाके काढली की ते गडबडते, पडते आणि सायकलचा धसका घेते.

याला उपाय म्हणजे बिनपॅडलची सायकल. हिला ‘बॅलन्स बाइक’ म्हणतात. मूल सीटवर बसून पायांनी जमीन मागे रेटते, वेग आला की पाय उचलते. तोल गेलाच तर पाय जमिनीवर टेकलेच!

ही कल्पना नवी नाही. १२ जून १८१७ रोजी जर्मनीतील मानहाइम येथे कार्ल फॉन ड्राइस याने अशीच लाकडी दुचाकी रस्त्यावर आणली. पाय मारत, जाऊन-येऊन सुमारे १४ किलोमीटर अंतर त्याने तासाभरात तोडले. पुढच्या चाकाला पॅडल लागले ते १८६०च्या दशकात, फ्रान्समध्ये. म्हणजे माणसाने आधी तोल साधला, पॅडल नंतर आले.

आपल्याकडेही हेच चाले. सोलापुरात वाढलेल्या आजोबांना विचारून पाहा. तासाच्या भाड्याने आणलेली मोठी सायकल. सीटवर बसले तर पाय पोचत नाहीत. मग डावा पाय पॅडलवर ठेवायचा आणि उजव्याने जमिनीला रेटे देत जायचे. तोल जमला की दांडीखालून पाय घालून ‘हाफ पॅडल’ मारायचे. ही तोल शिकण्याचीच शाळा होती.

तुम्हालाही हे करता येईल. छोट्या सायकलची आधाराची चाके व पॅडल काढा. एक लक्षात ठेवा, डाव्या पॅडलचे आटे उलटे असतात. बाहेरून पाहताना ते घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरवले की सुटते. उजवे त्याच्या उलट. सीट इतकी खाली घ्या की दोन्ही तळवे जमिनीवर सपाट टेकतील. ब्रेक तपासा, डोक्यावर हेल्मेट घाला आणि वाहने नसलेले सपाट मैदान निवडा. मुलाला मागून धरू नका. तुम्ही धरले तर तोल तुम्हीच सावराल, मूल नव्हे. ते घाबरले तर थांबू द्या.

पाय उचलून ते बरेच अंतर सहज जाऊ लागले की पॅडल पुन्हा बसवा. किती दिवसांत किती अंतर गेले, ते रोज वहीत टिपून ठेवा.