चेन म्हणा, तान म्हणा

चेन, चॅन, तान आणि त्रान. ही चार आडनावे ऐकून त्यांचा काही संबंध असेल असे आपल्याला वाटणार नाही. पण चिनी लिपीत चारही एकाच अक्षराने लिहितात. बीजिंगचा माणूस ते चेन वाचतो, हाँगकाँगचा चॅन, फूजियान किनाऱ्यावरचा तान. व्हिएतनाममध्ये त्याचे त्रान झाले.

हे मुळात एका राज्याचे नाव. सुमारे तीन हजार वर्षांपूर्वी झोऊ राजाने शुन या पुराणपुरुषाच्या वंशजाला आजच्या हनान प्रांतात जहागीर दिली, तेच चेन राज्य. इसवी सनापूर्वी पाचव्या शतकात शेजारच्या चू राज्याने ते गिळले. राज्य गेले, आडनाव राहिले. आपल्याकडे गावाला ‘कर’ लागतो, त्यातलाच प्रकार.

पुढे ही कुटुंबे दक्षिणेला सरकली, काही समुद्रापार गेली. व्हिएतनामवर १२२५ ते १४०० या काळात त्रान घराण्याने राज्य केले. सिंगापूरच्या चिनी समाजात तान हेच सर्वांत जास्त आढळणारे आडनाव.

इंडोनेशियात मात्र ते लपवावे लागले. १९५९ मध्ये ऑल इंग्लंड बॅडमिंटन जिंकणारा तान जो होक पुढे हेन्द्रा कार्तानेगारा झाला. १९६६ मध्ये सरकारने चिनी वंशाच्या नागरिकांना इंडोनेशियन नावे घेण्याचा आग्रहच धरला होता. मग कित्येक तान सुतांतो, हार्तांतो झाले. प्रत्येक सुतांतो मूळचा तान नव्हे, जावात ते नाव आधीपासूनच आहे. तीच तर सोय होती!