वारा अडवू नका, गाळा

अँटॉप हिलला तळमजल्यावर राहणाऱ्याला दोन वारे चांगले ओळखीचे. एक जून ते सप्टेंबर नैर्ऋत्येचा, पाऊस आडवा मारणारा. दुसरा डिसेंबर-जानेवारीतला पहाटेचा कोरडा वारा. तो जमिनीकडून येतो आणि ट्रक टर्मिनलची धूळ सोबत आणतो. थंडी म्हणाल तर बेताचीच. सांताक्रूझला २२ जानेवारी १९६२ रोजी ७.४ अंश नोंदले गेले, ते आजही नवलाने सांगितलं जातं. इथलं झुडूप थंडीने मरत नाही. पावसाळ्यात वारा त्याची मुळं हलवतो आणि नंतर पानांतलं पाणी ओढतो.

घरापुढच्या पट्ट्यात काय लावावं, हे ठरवताना मी वाऱ्यापासूनच सुरुवात करते. शेजारीण म्हणते, "काकू, काहीतरी शोचं लावा ना!" शोचं म्हणजे पिवळ्या पानांचा डुरांटा नाहीतर बोगनवेल. दोन्ही मूळच्या अमेरिका खंडातल्या. टेकडीवर माजलेली घाणेरीही तिकडचीच. बोगनवेल चिवट आहे, नाही म्हणत नाही. पण इथल्या मातीत, इथल्या पावसात आपोआप वाढणारी झुडपं असताना उसनवारी कशाला?

आता कुंपणाचं. पत्र्याची किंवा विटांची भिंत उभी केली की वारा तिच्यावरून उसळतो आणि पलीकडे भोवरा करून रोपांवर आदळतो. झुडपांची रांग त्याला फटींतून जाऊ देते, पण त्याचा जोर काढून घेते. निम्मी पानं, निम्म्या फटी असं कुंपण सगळ्यांत चांगलं. त्याचा आडोसा त्याच्या उंचीच्या आठ-दहा पट अंतरापर्यंत जाणवतो. म्हणजे पाच फुटी रांगेमागे तुळस, मोगरा, कढीपत्ता सगळे सुखाने राहतात.

वाऱ्याच्या बाजूची पहिली रांग वनजाईची. शिवडीच्या खाडीकाठी तिवरांच्या मागे हिरवंगार झुडूप दिसतं, ते बहुधा हेच. पान जाड, चकचकीत. मीठ आणि खारी हवा मुकाट सोसतं. फूल पांढरं, त्यातून जांभळट-तांबूस केसर लांब बाहेर आलेले. कडू असल्यामुळे बकरी तोंड लावत नाही. कापावं तेवढं दाट होतं.

तिच्या जोडीला निर्गुडी. ती मूळची ओढ्याकाठची; वाकते, पण सहसा मोडत नाही. अडुळसा तर फांदी खोचली की लागतो. पांढरी फुलं येतात, तेव्हा शिंजीर हजर. खोकल्यावरचं ब्रोमहेक्सिन याच्याच पानांतल्या व्हॅसिसिनवरून तयार झालं. तरी घरच्या घरी डोस ठरवू नये, गरोदर बाईने तर मुळीच नाही.

रस्त्याकडच्या कोपऱ्यात करवंद. काट्यांमुळे कुणी आत शिरत नाही, चिवट पानं कोरडा वारा सोसतात आणि मे महिन्यात फळ मिळतं. वाढ मात्र संथ. बी ताजंच पेरायचं, ठेवलेलं उगवत नाही. पायाशी पिवळी कोरांटी लावली की पावसाळा सरल्यावर फुलांची सोय होते. आडोशाला माकडलिंबू जरूर ठेवा. महाराष्ट्राने २०१५ साली राज्य फुलपाखरू म्हणून निवडलेला नीलवंत लिंबाच्या कुळातल्या झाडांवर अंडी घालतो. कोवळ्या पानावर चिमणीची विष्ठा पडल्यागत काही दिसलं तर पुसू नका, ती त्याची अळी असते. मोठी झाली की हिरवी होते. थोडी पानं खाल्ली तरी झाड मरत नाही.

सह्याद्रीतली कारवी आणायचा मोह मात्र टाळावा. सात वर्षांनी एकदाच फुलते आणि मरते. तिला डोंगरउतारच हवा.

लागवड पाऊस स्थिरावल्यावर, जूनच्या अखेरीस. आमच्याकडे जमीन म्हणजे बहुतेक भराव. दीड फूट खड्डा खणून विटांचे तुकडे काढायचे, त्याच मातीत एक तृतीयांश शेणखत मिसळायचं. खत जास्त झालं की फांद्या लुसलुशीत वाढतात आणि पहिल्याच झोडपणीत मोडतात. शेंडा थोडा खुडावा. काठीला बांधलंच तर सैल; रोप जरा हललं की बुंधा जाड होतो. दिवाळीनंतर आठवड्यातून एकदा पानांवर पाणी मारावं. धूळ आणि मीठ दोन्ही उतरतात.

देशी रोपं हवी असतील तर धारावीच्या कडेचं महाराष्ट्र निसर्ग उद्यान गाठा. जुन्या कचराभूमीवर उभं राहिलेलं हे रान १९९४ साली लोकांसाठी खुलं झालं. कुठली झुडपं वाईट जमिनीतही तग धरतात, ते तिथे हिंडून डोळ्यांनी बघता येतं. आणि रोप कुठूनही घ्या, उंचीवर भाळू नका. पिशवीच्या तळाशी मुळांचं वेटोळं झालेलं कंबरेएवढं रोप वाऱ्याने लवकर कलंडतं. वीतभर उंचीचं, मुळं मोकळी असलेलं रोप आपल्या जागेवरच वाढतं आणि तिथला वारा ओळखूनच पाय रोवतं.