कॅनडातील कायमस्वरूपी वास्तव्य : गुणांकन पद्धती आणि भाषाप्रावीण्य

प्रस्तावना : स्थलांतरितांची निवड गुणांच्या आधारे करण्याची पद्धती कॅनडाने १९६७ मध्ये स्वीकारली. जानेवारी २०१५ पासून 'एक्स्प्रेस एन्ट्री' योजनेत उमेदवारांचा क्रम १२०० गुणांच्या मापाने लावण्यात येऊ लागला. विद्यार्थ्यांना मार्गदर्शन करणाऱ्या प्राध्यापकांनी या गुणांची रचना समजून घेणे आवश्यक आहे.

विवेचन : अविवाहित उमेदवारास २० ते २९ या वयात वयाचे ११० गुण मिळतात, तिशीपासून चाळिशीपर्यंत ते दरवर्षी पाच-सहाने घटतात. नोकरीच्या प्रस्तावाचे गुण मार्च २०२५ मध्ये रद्द झाले. प्रांतिक नामांकनाचे ६०० गुण असले, तरी तो निर्णय प्रांताचा असतो. उमेदवाराच्या हाती उरते ती भाषा. 'आयईएलटीएस जनरल ट्रेनिंग' परीक्षेत श्रवणात ७.५ ऐवजी ८ आणि वाचन, लेखन व संभाषण यांत ६.५ ऐवजी ७ बँड मिळाल्यास भाषेचे ३२ गुण वाढतात. पदव्युत्तर पदवी आणि कॅनडाबाहेरील तीन वर्षांचा अनुभव असल्यास, त्यांच्याशी भाषेची सांगड घालून दिले जाणारे आणखी ५० गुण वाढतात. मात्र एकाही कौशल्यात उणीव राहिल्यास या ५० गुणांची वाढ मिळत नाही.

निष्कर्ष : अर्ध्या बँडचा फरक अशा रीतीने ८२ गुणांचा ठरतो. त्यामुळे भाषेच्या तयारीत एक वर्ष खर्ची पडले, तरी वयामुळे होणाऱ्या हानीपेक्षा लाभ कितीतरी अधिक असतो.