चौकटीचा कोपरा आणि त्याला धरणारा शिकंजा

वाचकहो, आपल्या घरातील एखादी जुनी तसबीर आज भिंतीवरून खाली उतरवून पाहा. आतल्या चित्राकडे नव्हे, तर चौकटीच्या चार कोपऱ्यांकडे पाहा. दोन पट्ट्या तिरक्या रेषेत जेथे एकमेकींना भेटतात, तेथे नख शिरेल एवढी फट दिसते काय? दिसली, तर ती केवळ डोळ्यांना खुपणारी उणीव समजू नका. आमच्या घरी अशाच एका फटीतून कसर आत शिरली आणि आजीच्या एकुलत्या एका छायाचित्राची खालची कड तिने खाऊन टाकली. पदराचा काठ गेला. चेहरा वाचला, एवढेच समाधान.

ती चौकट मीच हौसेने केली होती. लाकूड सागवानी होते, करवतही नवी होती. परंतु सरस लावलेला कोपरा एकाच शिकंज्यात आवळताना पट्टी बाजूला सरकली. उरलेल्या फटीत लाकडाचा भुसा सरसात कालवून भरला आणि काम साधले असे मानले. पुढच्या उन्हाळ्यात तो भुसा गळून पडला. दुसरी चौकट करताना जे शिकावे लागले, ते आपणांस सांगावे म्हणून हा लेख.

तसबिरीचे आणि आपल्या घरांचे नाते तसे जुनेच आहे. राजा रविवर्मा यांनी १८९४ साली मुंबईत शिळाछापखाना काढला आणि त्यांची रंगीत चित्रे सामान्य कुटुंबांच्याही भिंतींवर आली. चित्र आले, तशी चौकटही आली. आज छायाचित्रांच्या चौकटी तयार मिळतात. तरीही घरच्या माणसाची आठवण आपल्या हातांनी चौकटीत बसविण्यात निराळाच आनंद असतो.

सांधा निसटतो का?

चौकटीच्या पट्टीची टोके ४५ अंशांत कापतात आणि अशी दोन टोके जुळवून काटकोन साधतात. यालाच मायटरचा सांधा म्हणतात. तो दिसावयास सुंदर, पण स्वभावाने अवघड. एक कारण असे की, कापलेल्या टोकाशी लाकडाच्या नळ्या उघड्या असतात. त्या सरस शोषून घेतात आणि सांधा कोरडा पडतो. यावर उपाय सोपा आहे. प्रथम सरसाचा पातळ हात फिरवावा, तो काही मिनिटे मुरू द्यावा आणि मग दुसरा हात देऊन सांधा जुळवावा.

दुसरे कारण जोराच्या दिशेचे आहे. एका पट्टीच्या लांबीच्या दिशेने जोर दिला, तर तो तिरक्या पृष्ठभागावर दुभंगतो. जितका जोर सांधा दाबण्याकडे जातो, तितकाच तो पट्टी सरकविण्याकडे जातो. ओला सरस त्या वेळी साबणासारखे काम करतो. दुसऱ्या पट्टीकडूनही त्याच क्षणी तेवढाच जोर मिळाला, तर सरकविणारे दोन्ही जोर एकमेकांना खोडून काढतात आणि दाब मात्र कायम राहतो. शिकंजा निवडण्याचे सारे मर्म या एका गोष्टीत आहे. तो किती बळकट आहे, यापेक्षा तो कोणत्या दिशेने दाबतो, हे आधी पाहावे.

कोणता शिकंजा कशासाठी?

तसबिरीच्या पूर्ण चौकटीसाठी पट्ट्याचा शिकंजा सर्वांत सोयीचा. मजबूत नवारीसारखा पट्टा चौकटीभोवती फिरवून आवळला की चारही कोपरे एकाच वेळी आणि सारख्याच जोराने आत ओढले जातात. पट्टा कोपऱ्यावर रुतू नये म्हणून प्रत्येक कोपऱ्याला काटकोनी खाच असलेला लाकडाचा ठोकळा लावावा. हे साधन विकत घेणे शक्य नसेल, तर सुतळीचे दोन वेढे त्याच ठोकळ्यांवरून घ्यावेत, त्यांत काडी अडकवून पीळ द्यावा आणि पीळ उलटू नये म्हणून काडी चौकटीला टेकवून ठेवावी. लहान चौकटीला एवढा दाब पुरतो.

कोपऱ्याचा लोखंडी शिकंजा दोन पट्ट्यांना काटकोनात पकडून ठेवतो. चुका ठोकताना तो फार उपयोगी पडतो. मात्र त्याचे कित्येक प्रकार पट्ट्या नुसत्या धरतात. त्यांना एकमेकींकडे दाबत नाहीत. विकत घेताना स्क्रू फिरवून पाहावा व सांधा खरोखर आवळला जातो की नाही, याची खात्री करून घ्यावी.

घरात साधे सी-क्लॅम्पच असतील, तर दोन त्रिकोणी ठोकळे करावेत. प्रत्येकाची सर्वांत लांब बाजू पट्टीच्या बाहेरच्या कडेला, मध्ये कागद ठेवून, सरसाने चिकटवावी. ठोकळ्याची दुसरी बाजू तिरक्या सांध्याला समांतर येते आणि क्लॅम्पचा जोर थेट सांध्यावर पडतो. काम झाल्यावर पटाशीच्या हलक्या ठोक्याने ठोकळे निघतात, कारण कागद मधोमध फाटतो.

दाराभोवतीच्या नक्षीपट्टीची गोष्ट वेगळी. तिला तीनच बाजू असल्याने भोवती पट्टा फिरविता येत नाही. येथे अणकुचीदार टोकांचा स्प्रिंगचा चिमटा कामी येतो. त्याची टोके लाकडात बारीक भोके पाडतात. ती नंतर लांबीने बुजवावीत. शक्य असेल तेथे तिन्ही पट्ट्या जमिनीवर सपाट ठेवून आधी जोडाव्यात, सांधा वाळू द्यावा आणि मग ती कमान दारावर ठोकावी.

आधी कोरडी जुळवणी

फारसी भाषेत शिकंजा या शब्दाचा अर्थ यातना असा आहे. आपल्या सुतारकामात मात्र त्याने लाकडाला यातना देऊ नयेत. चुकलेला काप आवळून सरळ होत नाही. तो काही दिवस गप्प बसतो, इतकेच. चौकटीला ४५ अंशांचे आठ काप असतात. प्रत्येकात अर्ध्या अंशाची चूक एकाच दिशेने झाली, तर एकूण चूक चार अंशांची होते. पहिले तीन कोपरे घट्ट बसवले, तर चार सेंटिमीटर रुंदीच्या पट्टीत शेवटच्या कोपऱ्यावर जवळजवळ चार मिलिमीटर फट उरते. समोरासमोरच्या पट्ट्याही तंतोतंत सारख्या लांबीच्या हव्यात.

म्हणून सरस लावण्यापूर्वी चौकट कोरडीच जुळवून शिकंजा आवळून पाहावा. हलक्या दाबाने सांधा मिटला, तर काप बरोबर आहे. जोर करावा लागला, तर शिकंजा सोडून पुन्हा रंध्याकडे वळावे. मग दोन्ही कर्ण मोजावेत. ते सारखे भरले म्हणजे चारही कोन काटकोन झाले.

पूर्वी सुतार जनावरांच्या कातडी-हाडांचा सरस तापवून लावीत. १९५९ साली फेविकॉल बाजारात आला आणि न तापविता लावावयाच्या पांढऱ्या सरसाचा प्रसार झाला. तो लावल्यावर सांध्याच्या रेषेवर बारीक थेंबांची ओळ दिसली, की दाब पुरेसा आहे असे समजावे. याहून अधिक आवळल्यास सगळा सरस बाहेर येतो व सांधा उपाशी राहतो. कोपऱ्याखाली मेणकागद ठेवावा आणि चौकट एक दिवस हलवू नये. काच मोठी व जड असेल, तर वाळलेल्या कोपऱ्यात आडवी खाच पाडून लाकडाची पातळ चीप सरसाने बसवावी.

ऋतूचा हिशेब

एवढे करूनही लाकूड ऋतूप्रमाणे रुंदीत कमीजास्त होते, लांबीत जवळजवळ नाही. त्यामुळे पावसाळ्यात जोडलेली चौकट उन्हाळ्यात आकसली की कोपरा आतल्या बाजूने उघडू पाहतो. कोरड्या दिवसांत जोडलेली चौकट दमट हवेत फुगली की बाहेरच्या बाजूने. फट कोठे आहे, हे पाहून तिचे कारण ओळखता येते. लाकूड काही आठवडे घरातच ठेवून मग कापावे. कोकणातील व दिल्लीतील वाचकांना या सूचनेचे महत्त्व वेगळे सांगावयास नको.

आजीचे छायाचित्र आता दुसऱ्या चौकटीत आहे. तिचे कोपरे सुतळी, काडी आणि चार ठोकळ्यांनी आवळले होते. दोन उन्हाळे व दोन पावसाळे झाले. कोपऱ्यात अजून नख शिरत नाही. गेलेला काठ परत येणार नाही. आपल्या घरच्या तसबिरीचे कोपरे आज एकदा पाहिलेत, तर आपल्यावर तशी वेळ येणार नाही.