लग्नपत्रिका : रीत किती, नियम किती?

लग्न ठरलं की पहिला वाद हॉलवरून होतो, दुसरा पत्रिकेवरून. नाव कुणाचं आधी, पाकिटावर काय लिहायचं, हळद-कुंकू कुठे लावायचं. प्रत्येक काका-मावशींकडे ‘शास्त्रात असंच आहे’ हे उत्तर तयार असतं. प्रत्यक्षात यातलं बरंचसं रिवाजाचं आहे. नियम आहेत, पण ते पोस्टाचे आणि कायद्याचे.

गैरसमज : वधूच्या नावामागे ‘चि. सौ.’ लिहिलं की झालं.
वस्तुस्थिती : ‘सौ.’ विवाहितेला लावतात. लग्न लागेपर्यंत वधू सौभाग्यकांक्षिणी, म्हणून ‘चि. सौ. कां.’. ‘चि.’ हा मोठ्यांनी धाकट्यांना दिलेला आशीर्वाद आहे. हल्ली वर-वधू स्वतःच निमंत्रक असतात. तिथे स्वतःच्या नावामागे ‘चि.’ लावणं विसंगत दिसतं. नुसती नावं पुरतात.

गैरसमज : ‘सहकुटुंब सहपरिवार’ हा पाकिटावरचा केवळ उपचार.
वस्तुस्थिती : ज्याला पाकीट मिळतं तो ते शब्दशः घेतो आणि त्यात त्याची चूक नसते. ताटं मोजून सांगायची असतील तर ‘श्री. व सौ.’ एवढंच लिहावं. मात्र थोरल्या भावाच्या लग्नातली यादी तशीच उतरवून काढू नये. मधल्या काळात एखाद्या घरातले यजमान गेलेले असतात आणि पाकिटावर ‘श्री. व सौ.’ जातं. असं पाकीट फार बोचतं.

गैरसमज : मुहूर्ताची वेळ म्हणजे पोहोचायची वेळ.
वस्तुस्थिती : ‘१२ वाजून ३७ मिनिटे’ या क्षणी अंतरपाट दूर होतो. मंगलाष्टकं त्याआधीच सुरू झालेली असतात. पत्रिकेत नुसता मुहूर्त छापला की अर्धे पाहुणे अक्षता टाकायला हजरच नसतात, थेट पंगतीला येतात. स्वागताची आणि भोजनाची वेळ वेगळी छापावी.

गैरसमज : पाच रुपयांचं तिकीट लावलं की कोणतीही पत्रिका पोहोचते.
वस्तुस्थिती : साध्या पत्राला ५ रुपयांत फक्त २० ग्रॅम वजन जातं, पुढच्या प्रत्येक २० ग्रॅमला आणखी ५ रुपये. जाड कार्ड, आतली चिठ्ठी आणि अक्षतांची पुडी मिळून ६० ग्रॅम भरले तर तिकीट १५ रुपयांचं हवं. तिकीट कमी पडलं तर कमी पडलेल्या रकमेच्या दुप्पट पैसे घेणाऱ्याकडून वसूल होतात, म्हणजे आमंत्रणाचा भुर्दंड पाहुण्याला! पूर्वी ‘बुक पोस्ट’ची सवलतही उघड्या पाकिटालाच असायची, डकवलेल्या पाकिटावर ते दोन शब्द लिहून उपयोग नव्हता.

गैरसमज : व्हॉट्सअ‍ॅपवर आलेली पत्रिका उघडायला काय हरकत?
वस्तुस्थिती : फोटो, व्हिडिओ किंवा पीडीएफला सहसा हरकत नसते. पण फाइलच्या नावाशेवटी ‘एपीके’ असेल तर ती पत्रिका नाही, फोनमध्ये शिरणारं अ‍ॅप आहे. २०२४ मध्ये हिमाचल प्रदेश पोलिसांनी अशा बनावट लग्नपत्रिकांबद्दल जाहीर इशारा दिला होता.

गैरसमज : छापील पत्रिका हा लग्नाचा पुरावा.
वस्तुस्थिती : पत्रिका लग्नाआधी छापली जाते, लग्न लागलं हे तिने सिद्ध होत नाही. हिंदू विवाह कायदा, १९५५ विधींना महत्त्व देतो. जिथे सप्तपदीची रीत आहे तिथे सातव्या पावलाला विवाह पूर्ण होतो. महाराष्ट्रात १९९८ च्या कायद्यानुसार विवाहाची नोंदणी ९० दिवसांच्या आत करायची असते. तिथे पत्रिका जोडतात, पण इतर कागदांपैकी एक म्हणून. ती नसेल तर प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं. तेव्हा सगळ्या पत्रिका वाटून टाकू नका. दोन-तीन प्रती घरी ठेवा.